पासाऊची भिंत आणि आमचा जिना

मा. संपादक,
स. न. वि. वि.

पुरवण्यांमधून हल्ली युरोपातल्या नदीसहलींच्या जाहिराती फार येतात. त्यांतल्याच एकीला भुलून मी आणि माझी वहिनी गेल्या जुलैत डॅन्यूब नदीवरून पासाऊ ते बुडापेस्ट असा आठवडाभराचा प्रवास करून आलो. दोघींनी सत्तरी ओलांडलेली, दोघींचे गुडघे सारखेच. 'रोज बॅग भरायची नाही, हॉटेलच तुमच्याबरोबर चालतं' एवढं एक वाक्य आम्हाला पुरलं. पण प्रवासवर्णन लिहायला मी बसलेली नाही. पुण्यातल्या पुराच्या खुणांबद्दल एक मागणी आहे, आणि ती कुठून सुचली हे सांगितल्याशिवाय ती वेड्यासारखी वाटेल.

पासाऊ हे जर्मनीचं ऑस्ट्रियाला खेटून असलेलं गाव. तिथे तीन नद्या मिळतात. आल्प्समधून येणारी इन हिरवट दुधाळ, दलदलीच्या भागातून येणारी इल्झ जवळजवळ काळी, आणि डॅन्यूब तिसऱ्याच रंगाची. (आपल्या संगमावर मुळा कुठली आणि मुठा कुठली हे मला रंगावरून आजवर ओळखता आलेलं नाही. वासावरून तर नाहीच नाही.) बोटीवर चढायला अवकाश होता म्हणून काठावरच्या जुन्या नगरभवनापाशी रेंगाळलो. तिथल्या भिंतीवर पुराच्या खुणा केलेल्या आहेत, प्रत्येकीपुढे साल. १९५४ ची आहे, १५९५ ची आहे. त्यांच्या वर २०१३ ची आणि सगळ्यांत वर १५०१ ची. वरच्या खुणा वाचायला मान पार मागे टाकावी लागते. खाली चौकात माणसं खुशाल आइस्क्रीम खात होती.

वहिनी बराच वेळ बघत राहिली आणि म्हणाली, "वन्सं, आपला जिना."

आमचा वाडा शनिवार पेठेत, ओंकारेश्वराच्या अंगाला. १२ जुलै १९६१ ला पानशेतचं धरण फुटलं तेव्हा मी सात वर्षांची होते. वडिलांनी आम्हा मुलांना शनिवारवाड्याच्या बाजूला पिटाळलं आणि आईला घेऊन ते मागून आले. आईच्या हातात देवांचं तबक आणि स्टोव्हची पिन होती. पिन का घेतली ते तिलाही शेवटपर्यंत सांगता आलं नाही. पाणी ओसरल्यावर परत आलो तर माडीच्या जिन्यात तेराव्या पायरीपर्यंत चिखल, आणि पिठाचा डबा झाकणासकट माडीवर, आतलं पीठ कोरडं. वडिलांनी पाण्याची रेघ होती तिथे एक चौकोनी खिळा ठोकला. पुढे वहिनी लग्न होऊन आली तेव्हा सासूबाईंनी देवघराच्या आधी तिला तो खिळा दाखवला होता.

वाडा पाडला त्या दिवशी खिळाही गेला. माझा भाऊ ओव्हरसियर होता. त्याने आदल्या संध्याकाळी खिळ्याची उंची मोजून ठेवली, आणि तीही रस्त्यापासून नाही. "रस्त्यावर दर दोन वर्षांनी डांबर चढतं, तो काय खरा," म्हणाला. शेजारच्या दगडी देवळाच्या जोत्यापासून त्याने फूट आणि इंच घेतले. भाऊ आता नाही. आकडा वहिनीच्या डायरीत आहे.

बोटीवरचे दिवस छान गेले. जेवणात उकडलेला बटाटा सात प्रकारे आला, मेतकुटाने निभावलं. वाटेत नदीवर मोठमोठे दरवाजे लावून कोठ्या केल्या आहेत. बोट आत शिरली की मागचं दार लागतं, पाणी सोडतात, आणि बोट जिन्याने उतरावी तशी सावकाश खाली जाते. खिडकीबाहेर हात लांब केला तर लागेल इतक्या जवळ ओली, शेवाळलेली भिंत वर वर सरकत होती. वहिनी म्हणाली, आपण आडात चाललोय. काठाने किलोमीटरच्या पाट्या आहेत. त्या नदीच्या मुखापासून मोजलेल्या, म्हणजे पुढे जावं तसा आकडा कमी होतो. पासाऊला बावीसशेच्या पुढे, बुडापेस्टला सोळाशेच्या घरात. मेल्कचा पिवळा मठ, ड्युर्नस्टाइनच्या डोंगरावरचा इंग्लंडच्या राजा रिचर्डला जिथे कोंडलं होतं तो पडका किल्ला, ताजे जर्दाळू, हे सगळं पाहिलं, खाल्लं. व्हिएन्नाला आमची बोट दुसऱ्या बोटीला चिकटून लागली, त्यामुळे काठावर जायचं तर शेजारणीच्या दिवाणखान्यातून. वाड्यात वाढलेल्या बाईला यात नवल काय?

व्हिएन्नात मात्र थबकले. १९५४ च्या पुरानंतर पुढे त्यांनी नदीला समांतर २१ किलोमीटर लांबीचा दुसरा प्रवाह खणला. काम १९७२ ते १९८८ चाललं. निघालेल्या मातीचं तेवढंच लांब बेट केलं. आज त्यावर लोक सायकली फिरवतात, आणि पूर आला की तो दुसरा प्रवाह जादा पाणी पोटात घेतो. नदीला जागा दिली. आपण पात्रात मोटारी लावतो. पुण्यातल्या नदीकाठच्या प्रकल्पाच्या वादात मी पडत नाही, दोन्हीकडे माझे भाचे आहेत.

बुडापेस्टला संसदेजवळ, पाण्याच्या अगदी कडेला, लोखंडी जोड्यांचे साठ जोड २००५ पासून मांडलेले आहेत. १९४४-४५ मध्ये तिथल्या ज्यूंना काठावर जोडे काढायला लावून गोळ्या घातल्या आणि नदीत लोटलं, त्याची ती खूण. एका लहान मुलाच्या बुटात कुणीतरी ओली फुलं ठेवली होती. तिथून आम्ही मुकाट्याने निघालो. पेस्टच्या गल्लीत वहिनीला एका घराच्या भिंतीवर पाटी दिसली, कोरलेला हात आणि रेघेकडे दाखवणारं बोट. मार्च १८३८ च्या पुराचं पाणी इथवर होतं. अशा पाट्या त्या शहरात जागोजागी आहेत म्हणे. म्हणजे प्रवास भिंतीवर सुरू झाला आणि भिंतीवरच संपला.

आता पुण्याचं. आपल्याकडे पूररेषा आहेत. निळी २५ वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची, लाल १०० वर्षांतून एकदा येणाऱ्याची. पण त्या नकाशावर. घर घेणारा तो नकाशा बघत नाही आणि घर विकणारा दाखवत नाही. पावसाळ्यात खडकवासल्यातून इतके हजार क्युसेक सोडले अशी बातमी येते, भिडे पूल बंद होतो, आणि आम्ही चहा पितो. क्युसेकचा माझ्या दारातल्या पायरीशी हिशोब काय, हे शंभरातल्या नव्व्याण्णवांना लागत नाही. आमच्या पिढीला लागतो, कारण आमच्या डोक्यात अजून जिना आहे. माझ्या रोजच्या वाटेवर, लकडी पूल ते नवा पूल, १९६१ ची रेघ मला कुठेही दिसलेली नाही. कुठे असली तर वाचकांनी कळवावं, मी बघायला जाईन.

मागणी एवढीच. पुलांच्या दगडी खांबांवर, घाटांवर, काठच्या शाळांच्या भिंतींवर १९६१ ची उंची कोरा आणि खाली तारीख घाला. रंगवू नका, कोरा. रंगावर लगेच वाढदिवसाच्या शुभेच्छा येतात. त्यानंतरच्या मोठ्या पुरांच्या रेघाही खाली येऊ द्या, म्हणजे लोकांना आपोआप कळेल कुठला किती. कुणाच्या फ्लॅटचा भाव पडेल म्हणून हे टळेल, याची मला कल्पना आहे. पासाऊतही घरं विकली जातच असतील.

पानशेत डोळ्यांनी पाहिलेले काठच्या पेठांतले लोक आता दरवर्षी कमी होत आहेत. कुणाच्या कपाटात एखादा आकडा, कुणाच्या भिंतीवर एखादा खिळा असेल, तो आत्ताच टिपून घ्यायला हवा. आमचा डायरीत आहे. देवळाचं जोतं अजून शाबूत आहे, मी गेल्या सोमवारी जाऊन पाहून आले. कुणी मोजपट्टी घेऊन येणार असेल तर आम्ही दोघी दाखवायला येऊ. फक्त सकाळी दहाच्या आत बोलवा, नंतर वहिनीला ऊन सोसत नाही.

आपली,
एक ज्येष्ठ वाचक,
शनिवार पेठ, पुणे