टाकी नंतर बांधा, आधी गटारातले पाइप बाहेर काढा

मा. संपादक साहेब,
स.न.वि.वि.

आमच्या पालिकेच्या नव्या पाण्याच्या टाकीची बातमी तुमच्या पेपरात फोटोसकट वाचली. टाकीला विरोध नाही, होऊ दे. पण टाकीतून निघालेलं पाणी आमच्या नळापर्यंत येतं कसं ते एकदा कुणीतरी येऊन बघा. आमच्या गल्लीत निम्म्या घरांची नळजोडणी उघड्या गटारातून गेलीय. गंजलेला पाइप, जॉइंटला सायकलची ट्यूब गुंडाळलेली आणि वरून सुतळी, आणि त्याच्यावरून शेजारपाजारच्या सेप्टिक टँकचं ओव्हरफ्लो वाहतंय. हे पिण्याचं पाणी!

आता पाणी येतं चौथ्या दिवशी, तेही तासभर. मधले तीन दिवस लाइन रिकामी, मग जिथं भोक आहे तिथनं गटारचं पाणी आत जाणारच, आणि पाणी सुटलं की वर प्रत्येकानं टुल्लू लावलेली, ती मोटर आणखी ओढून घेते. म्हणून पहिली दहा-पंधरा मिनिटं काळपट वास मारणारं पाणी येतं, ते आम्ही रस्त्यावर सोडतो आणि मग पाणी पुरत नाही म्हणून ओरडतो. पावसाळ्यात जुलाब न् कावीळ, ज्याला परवडतं तो जार घेतो, बाकीच्यांनी काय करायचं?

आता म्हणे भुयारी गटार येणार. चांगलं आहे, पण सरकारी मापानंच भुयारी गटार असलेल्या गावाला माणशी रोज 135 लिटर पाणी लागतं, नसलेल्याला जुन्या मापात 70 धरायचे. आमच्या चौथ्या दिवसाच्या पाण्यावर ती गटार वाहणार कशी, तुंबणार ना? मग परत रस्ता खोदा, जेसीबीनं परत पाण्याची लाइन फोडा. तोवर निदान वाई आणि सिन्नरसारखं करा, तिथं पालिकेनंच घरोघरचे सेप्टिक टँक तीन वर्षांतून एकदा पाळीनं उपसायचं ठरवलं. आमच्याकडं टँक रस्त्यावर आला की मग गाडीला फोन.

आणि छोट्या गावाला जमत नाही हे सांगू नका. कराडजवळच्या मलकापूरनं मीटर बसवून चोवीस तास पाणी दिलं. लाइन कायम भरलेली राहिली की बाहेरची घाण आत शिरायला जागाच नाही. आम्ही एकदम चोवीस तास मागत नाही हो, बजेट आम्हालाही कळतं. गटारातल्या जोडण्या उचलून बाजूला घ्या, एवढंच आधी. त्याला टाकीएवढा खर्च नाही, फक्त फीत कापायला कुणी येणार नाही!

दुसरं, शेवटच्या नळाला लिटरमागे किमान 0.2 मिलिग्रॅम क्लोरीन उरलं पाहिजे असा नियम आहे. खेड्यात ग्रामपंचायतीची माणसं ओटीचे, म्हणजे क्लोरीन तपासायच्या औषधाचे, थेंब टाकून पिवळा रंग येतो का बघतात, तेवढंच पालिकेनं पाणी सुटेल त्या दिवशी करावं आणि आकडा कुठल्या गल्लीतला ते लिहून ऑफिसबाहेर फळ्यावर लावावा. पाणीपट्टी आम्ही वर्षाची पूर्ण भरतो, उशीर झाला तर व्याजासकट.

पत्र छापलं तर गावाचं आणि भागाचं नाव कृपया टाकू नका, आमचा व्हॉल्वमन ठेकेदाराकडचा गरीब माणूस आहे, सगळं त्याच्यावरच निघेल.

आपला,
एक नळधारक