एकट्याने चढणे म्हणजे बेफिकिरी नव्हे

महोदय,
नाशिकजवळच्या पांडवलेणीच्या डोंगरावर एकट्याने जाऊ नये, असा सल्ला देणारा आपल्या अंकातील लेख वाचला. तो सरसकट पटला नाही. गेल्या बुधवारी डोंगराच्या पायथ्याच्या नेहरू वनोद्यानात फेरी मारून मी एकटाच पायऱ्या चढलो. रविवारी ज्या लेणे क्रमांक ३ पुढे छायाचित्रांसाठी झुंबड असते, तेथील गौतमी बलश्रीचा (सातवाहन राजा गौतमीपुत्र सातकर्णीच्या आईचा) ब्राह्मी शिलालेख निवांत न्याहाळता आला (वाचता येत नाही, हा भाग वेगळा). गर्दीत ही २४ लेणी केवळ उरकली जातात. पहाटे आणि तिन्हीसांजेला बिबट्याची भीती रास्तच आहे. परंतु घरी सांगून, भर उजेडात, मळलेल्या वाटेने जाणाऱ्याला बेजबाबदार ठरवण्यापेक्षा पायथ्याशी येण्याजाण्याची नोंदवही ठेवावी.

– एक वाचक, इंदिरानगर, नाशिक