सप्टेंबरात या, स्वेटर घेऊन

ती. आई-बाबांना शि. सा. न.

डिसेंबर-जानेवारीत यायचं म्हणताय, पण ते नको. मॉरिशसला तेव्हा भर उन्हाळा, शिवाय चक्रीवादळांचे दिवस. जानेवारी २०२४ मध्ये बेलाल वादळ आलं तेव्हा राजधानी पोर्ट लुईच्या रस्त्यांवरून गाड्या वाहून गेल्या. सप्टेंबरात या.

आई, "बेटावर कसली आलीय थंडी?" असं हसू नकोस. आमचं क्युरपीप गाव साडेपाचशे मीटर उंचीवर आहे. आग्नेयेकडचे वारे समुद्रावरून येतात, पठार चढतात आणि सगळा पाऊस इथेच ओततात. पश्चिम किनारा कोरडा. महाबळेश्वर आणि फलटणसारखंच म्हण ना. पापड डब्यातसुद्धा सादळतात. शालीने भागायचं नाही.

बाबा, तुम्हाला उसाच्या रानातले दगड दाखवायचेत. जमीन मोकळी करताना मजुरांनी हाताने वेचून रचलेले काळ्या दगडांचे ढीग, काही घराएवढे उंच. थेट आपल्या साताऱ्याचा कातळ! आणि नातंही खरं आहे. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी पृथ्वीच्या पोटातल्या ज्या तप्त ठिकाणाने दख्खनवर लाव्हा ओतला, त्यानेच पुढे, जेमतेम ऐंशी-नव्वद लाख वर्षांपूर्वी, हे बेट वर काढलं. वरचा भूपट्ट सरकत गेला, खालची भट्टी तिथेच. आता ती शेजारच्या रियुनियन बेटाखाली आहे, तिथला ज्वालामुखी अजून उसळतो. आमच्या गावातल्या विवरात मात्र झाडी माजलीय आणि काठावरून लोक संध्याकाळी फेऱ्या मारतात.

सप्टेंबरात गळीत हंगामही ऐन भरात असतो. साखर कारखाने बगॅसवर, म्हणजे उसाच्या चिपाडांवर, वीज करून सरकारी ग्रिडला देतात. साखरेला मिळणारा युरोपचा हमीभाव २००९ मध्ये संपला आणि आता बोटांवर मोजण्याइतकेच कारखाने उरलेत. पैसा येतो पर्यटन, बँका, कपड्यांचे कारखाने आणि आयटीतून. तरी शेतात बघावं तिकडे ऊसच, आणि तांदूळ येतो बोटीने! मला हे पटत नाही. शेजारचे काका मात्र म्हणतात, "वादळात आडवं होऊन पुन्हा उभं राहणारं दुसरं पीक दाखव." त्यांचे पणजोबा कोकणातून करारावर ऊसमळ्यात राबायला आले होते. काकांचं मराठी थोडं क्रिओल, म्हणजे इथल्या बोलीच्या, वळणाचं आहे, पण आरत्या सगळ्या तोंडपाठ.

गणेश चतुर्थीला इथे सरकारी सुट्टी असते, त्यामुळे त्याच सुमाराला आलात तर उत्तम. बाबा, आधी पासपोर्टची मुदत बघा. तिकिटं मी काढते.

तुमची,
छकुली