अंथरुणाला खिळलेल्यांची केंद्रे कोणाच्या यादीत?

महोदय,

कोरोनासारख्या साथीच्या काळात शुश्रूषागृहांचे व्यवस्थापन कसे असावे, हा विषय आपल्याकडे निघाला की चर्चा खाटा, प्राणवायू आणि बिले यांच्यापुढे सहसा जात नाही. त्यालाही कारण आहे. मे २०२० मध्ये राज्य सरकारने खासगी रुग्णालयांच्या व नर्सिंग होमच्या ८० टक्के खाटा आपल्या नियंत्रणाखाली आणल्या आणि विलगीकरण कक्षासाठी दिवसाला ४,०००, अतिदक्षता विभागासाठी ७,५०० व कृत्रिम श्वसनयंत्रासह ९,००० रुपये असे दर बांधून दिले. आदेश कितपत पाळला गेला हा वेगळा वाद, पण निदान खाट मोजली तरी गेली. ज्या खाटा तेव्हा कोणीच मोजल्या नाहीत, त्यांच्याविषयी हे पत्र आहे.

बंगल्यात किंवा इमारतीच्या तळमजल्यावर चालणारी, ‘बेडरिडन पेशंट केअर’ अशी पाटी लावलेली केंद्रे आता सर्व मोठ्या शहरांत दिसतात. पक्षाघात, स्मृतिभ्रंश, खुब्याचे हाड मोडणे अशा कारणांनी परावलंबी झालेली माणसे तिथे महिनोन् महिने राहतात. डॉक्टर आठवड्यातून एकदा येतात. बाकी सगळा भार रुग्णसेविका पुरवणाऱ्या ब्यूरोकडून पाठवलेल्या मावश्यांवर असतो. माझी आत्या अशाच सोळा खाटांच्या एका केंद्रात होती. तिला अन्न नाकातल्या नळीवाटे दिले जाई, आणि दर दोन तासांनी कूस बदलली नाही तर पाठीला जखमा होत.

एप्रिल २०२१ मध्ये केंद्राचे फाटक नातेवाइकांना बंद होते आणि व्यवस्थापिका रोज न चुकता व्हिडिओ कॉल लावून देत, याबद्दल मी त्यांची आजही ऋणी आहे. मात्र एकदा त्यांनी विश्वासाने ऑक्सिमीटरच्या नोंदींची वही कॅमेऱ्यापुढे धरली, तेव्हा सलग सहा दिवस सोळाही जणांपुढे ९८ हाच आकडा होता. म्हाताऱ्या माणसांची बोटे गार असतात, त्यांवर आकडा सहज मिळत नाही, यंत्र एकच होते, आणि रात्रपाळीची मावशी एकटी होती. आकडा कसा आला असेल हे विचारायची गरज उरली नाही. पुढे कळले की तीच मावशी दिवसा दुसऱ्या केंद्रात काम करी, कारण एका पाळीच्या पैशांत तिचे घर भागत नव्हते. दोन्ही ठिकाणी एकाच आठवड्यात ताप सुरू झाला. आत्या वाचली, तिच्या शेजारच्या खाटांवरच्या दोघी वाचल्या नाहीत.

मावशीला दोष देऊन हा प्रश्न सुटणार नाही. अमेरिकेत वॉशिंग्टन राज्यातील कर्कलँड येथे फेब्रुवारी २०२० मध्ये पहिला मोठा उद्रेक झाला तो अशाच एका वृद्ध-शुश्रूषा केंद्रात, आणि तेथील तपासणीतही लक्षणे असताना कामावर येणारे व एकाहून अधिक ठिकाणी काम करणारे कर्मचारी हे संसर्ग पसरण्याचे एक कारण आढळले. कॅनडातील ब्रिटिश कोलंबिया प्रांताने यावर लवकर उपाय केला. कर्मचाऱ्याने एकाच केंद्रात काम करावे असा आदेश काढला आणि त्याचे उत्पन्न बुडू नये म्हणून केंद्राकेंद्रांतील वेतनातली तफावत सरकारी पैशातून भरून काढली. माझ्या मते आदेशापेक्षा त्याचा हा दुसरा भाग महत्त्वाचा आहे. आपल्याकडे आदेशाचा कागद निघेलही, पण मावशीचा बुडालेला रोज कोण देणार, हे त्यात लिहिलेले नसेल.

शिवाय आदेश पाठवायचा कोणत्या पत्त्यावर? रुग्णवाहिकेसाठी फोन केला तेव्हा मला उत्तर मिळाले की हे केंद्र नर्सिंग होमच्या यादीत नाही आणि वृद्धाश्रमांच्याही नाही. वास्तविक १९४९ च्या शुश्रूषागृह नोंदणी कायद्याची व्याख्या केवळ आजार वा दुखापतीपुरती नाही. दुर्बल माणसांना ठेवून घेऊन उपचार व शुश्रूषा देणारी जागाही तीत बसते. वृद्धाश्रम मात्र सामाजिक न्याय विभागाच्या अखत्यारीत येतात. ज्येष्ठांच्या निगा केंद्रांची आणि घरी जाऊन सेवा देणाऱ्या संस्थांची नोंदणी सक्तीची करणारे दुरुस्ती विधेयक डिसेंबर २०१९ मध्ये, म्हणजे साथीच्या अगदी तोंडावर, लोकसभेत मांडले गेले होते. ते मंजूर न होताच २०२४ मध्ये त्या लोकसभेबरोबर संपले.

यादी नसण्याची किंमत लसीकरणातही मोजावी लागली. साठ वर्षांवरील नागरिकांसाठी लस १ मार्च २०२१ रोजी खुली झाली. पण अंथरुणाला खिळलेल्यांना घरी जाऊन लस देणे मुंबईत सुरू झाले ते उच्च न्यायालयाने वारंवार विचारणा केल्यानंतर, जुलैअखेरीस. आणि लस घेतल्यानेही सगळे भागत नाही. त्याच वर्षी नोव्हेंबरअखेर भिवंडी तालुक्यातील एका वृद्धाश्रमात साठहून अधिक जण बाधित आढळले आणि त्यांतील बहुतेकांनी दोन्ही मात्रा घेतलेल्या होत्या. दाटीने राहणाऱ्या म्हाताऱ्या माणसांची नियमित तपासणी लसीनंतरही चालू ठेवावी लागते, ती कोणी करायची हेही आधीच ठरलेले हवे. त्याचबरोबर प्रत्येक रहिवाशामागे एका नातेवाइकाला मुखपट्टी व तपासणीच्या अटीवर आत येऊ द्यावे, असे मला वाटते. कूस बदलायला मिळालेले ते दोन हात असतील आणि वहीतला ९८ खरा की खोटा हेही कोणी पाहील.

मागच्या महिन्यात त्या रस्त्याने गेले होते. पाटी नवी झाली आहे, तीवर शस्त्रक्रियेनंतरच्या देखभालीचीही भर पडली आहे आणि खाटा चोवीस आहेत. या चोवीस खाटा कोणाच्या नोंदवहीत आहेत, हे महापालिकेचा आरोग्य विभाग आणि समाजकल्याण कार्यालय यांनी एकत्र बसून, आपल्या वृत्तपत्रातूनच जाहीर करावे, अशी माझी विनंती आहे.

आपली,
एक वाचक