गेटवरच्या कागदाआधी: उद्योगमंत्र्यांना सोलापुरातून खुले पत्र

प्रति,
मा. उद्योगमंत्री,
महाराष्ट्र राज्य, मंत्रालय, मुंबई

महोदय,
सविनय नमस्कार.

गेल्या महिन्यात अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या माझ्या शेडसमोर एक इलेक्ट्रिक गाडी येऊन थांबली. गिऱ्हाईक जुनं. याच माणसाच्या डिझेल गाडीचं हेड मी दोनदा फेसिंग करून दिलंय, एकदा चारही सिलिंडर बोअर केलेत. आता खड्ड्यातून जाताना पुढच्या चाकाकडून खाडखाड आवाज येत होता. चाकाला धरणाऱ्या खालच्या आर्मचा बुश, म्हणजे सांध्यातली रबरी बैठक, गेला होता, तो प्रेसवर काढून नवा बसवला, संपलं काम. पण नवी गाडी दारात उभी म्हटल्यावर आमच्या टर्नरला, लेथवरच्या कारागिराला, राहवेना. त्यानं बॉनेट उघडून घेतलं आणि आत वाकला. वर एक ॲल्युमिनियमचा डबा, नारिंगी रंगाच्या जाड केबली, कूलंटची बाटली, कोपऱ्यात बारा व्होल्टची साधी बॅटरी. सवयीनं त्याचा हात इंजिन ऑइल बघायची डिपस्टिक शोधत गेला. ती नव्हतीच. मग सरळ उभा राहून म्हणाला, "मालक, ह्यात आपलं काय हाय ओ?"

गिऱ्हाईक हसलं. मीही हसलो. शेजारच्या गाळ्यात टॉवेलचे लूम खडाखडा चालू होते, त्या आवाजात ते हसणं खपून गेलं. पण तो प्रश्न काही डोक्यातून जाईना. म्हणून हे पत्र.

माझं काम इंजिनाचं, झिजलेले भाग घासून-कापून पुन्हा मापात आणायचं. ब्लॉक बोअरिंग, क्रँक ग्राइंडिंग, हेड फेसिंग, व्हॉल्व्ह सीट कटिंग, आणि उरलेल्या वेळात दोन लेथवर जॉबवर्क. रिक्षा, टेम्पो, ट्रॅक्टर, बोअरवेलच्या गाड्या, जे येईल ते. तीस वर्षं हेच केलं. एकेकाळी नऊ माणसं होती, आता पाच आहेत. याचा सगळा दोष इलेक्ट्रिक गाड्यांवर टाकणार नाही, ते खोटं होईल. 2020 मध्ये बीएस-6, म्हणजे धुराचे नवे कडक नियम, आल्यापासून इंजिनं लवकर उघडावी लागत नाहीत, आणि उघडायची वेळ आलीच तर पुष्कळ लोक सरळ तयार असेंब्ली बसवून मोकळे होतात. इलेक्ट्रिकची झळ मला लागली ती आधी तीनचाकीकडून. देशात विकल्या जाणाऱ्या नव्या तीनचाकींत निम्म्याहून जास्त आता बॅटरीवरच्या आहेत. रिक्षावाला हे माझं रोजचं भाकरीचं गिऱ्हाईक होतं. चारचाकी ही कधीमधी येणारी पुरणपोळी.

एक गैरसमज आधीच काढून टाकतो. मी या गाड्यांच्या विरोधात नाही. माझी मुलगी इलेक्ट्रिक स्कूटरवरून कॉलेजला जाते आणि पेट्रोलचे जे पैसे वाचतात ते मला दिसतात. गाडीतून धूर नाही हे चांगलंच. (त्या विजेसाठीचा कोळसा आमच्याच दक्षिण सोलापुरात, फताटेवाडीच्या 1320 मेगावॅटच्या प्रकल्पात जळतो, हा भाग वेगळा. मुंबईची हवा स्वच्छ होत असेल तर आम्हाला आनंदच आहे.) जे येणार ते येणार. घोड्यांना नाल ठोकणाऱ्यांनी मोटारी अडवल्या नाहीत, मीही बॅटरी अडवणार नाही.

माझं म्हणणं वेळेबद्दल आहे.

2024 साली जगभरात 1 कोटी 70 लाखांच्या वर इलेक्ट्रिक गाड्या विकल्या गेल्या. म्हणजे दर पाच नव्या गाड्यांमागे एक. यात प्लग-इन हायब्रिडही धरलेत, म्हणजे इंजिन असलेल्याही, तेव्हा आमच्या धंद्याच्या हिशेबानं आकडा थोडा कमी करून वाचावा. चीनमध्ये तेव्हा हे प्रमाण निम्म्याच्या जवळ गेलं होतं. नॉर्वेत त्या वर्षी शंभर नव्या गाड्यांतल्या एकोणनव्वद निव्वळ बॅटरीवरच्या होत्या. 2025 मध्ये चीनच्या बीवायडीनं बॅटरीच्या गाड्या विकण्यात टेस्लालाही मागं टाकलं. आपल्याकडे 2024 मध्ये अशा कार लाखाच्या आसपास खपल्या, शंभरात दोन-तीन. 22 सप्टेंबर 2025 पासून छोट्या पेट्रोल गाड्यांवरचा जीएसटी 28 वरून 18 टक्क्यांवर आला, त्यानं इंजिनाला थोडी धुगधुगी मिळालीय. पण इलेक्ट्रिकवर अजून 5 टक्केच आहे. टाटांच्या पाठोपाठ महिंद्रा, एमजी, मारुती सगळे उतरलेत आणि महिंद्रांच्या गाड्या तर आपल्या चाकणलाच बनतात. म्हणजे आपल्या हातात काही वर्षं आहेत. मोकळी, बिनगडबडीची वर्षं. ती अशीच जातील, हीच भीती आहे.

कारण सोलापूरला याचा अनुभव आहे, बंद पडलेल्या गिरण्यांचा.

लोक सोलापूरला चादरीचं गाव म्हणतात. पण याच गावात कॅमशाफ्ट बनतो आणि जगभरातल्या मोटार कंपन्यांकडे जातो, हे तुम्हाला माहीत असेलच. प्रिसिजन कॅमशाफ्ट्स आमच्या गावची कंपनी. कॅमशाफ्ट म्हणजे काय, तर इंजिनाच्या डोक्यातला एक दांडा, त्यावर अंड्याच्या आकाराची नाकं. दांडा फिरला की एकेक नाक व्हॉल्व्हला दाबतं, हवा आत येते, धूर बाहेर जातो. ते नाक केसाच्या जाडीच्या काही हिश्श्यानंही चुकलं तर गाडी ॲव्हरेज देत नाही. ओतकाम, ग्राइंडिंग, तपासणी, या कामावर सोलापूरच्या हजारो पोरांचे हात तयार झाले, विणकराच्या घरातली पोरं मायक्रॉन, म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग, बोलायला लागली. आणि इलेक्ट्रिक गाडीत कॅमशाफ्ट नसतो. लहान नसतो, वेगळा नसतो, नसतोच. मोठ्या कंपनीला हे कळतं. त्यांनी मागेच युरोपातल्या एका इलेक्ट्रिक वाहन कंपनीत पैसे घातले. मोठं झाड वाऱ्याची दिशा बघून वाकतं. त्याच्या सावलीतल्या जॉबवर्कवाल्यांचं, टूल ग्राइंडिंगवाल्यांचं, फिक्श्चर बनवणाऱ्यांचं, टेम्पोवाल्याचं काय? ती माणसं कुठल्या आकड्यात येतात?

माझे वडील गिरणीत वाइंडिंग खात्याला होते. गिरणीचं नाव लिहीत नाही, आता त्याचा उपयोग नाही. पहिल्या पाळीला निघाले ते तासाभरात परत आले. गेटवर गिरणी बंद झाल्याचा एक टाइप केलेला कागद चिकटवला होता. बाकी कुणी काही सांगितलं नाही, ना मालकानं, ना सरकारनं. डबा तसाच भरलेला होता. आईनं तो उघडला, ज्वारीची भाकरी आणि शेंगाची चटणी ताटात काढली आणि आम्ही सगळे सकाळी आठ वाजता जेवलो. मला ते जेवण आजही आठवतं, कारण तेव्हा मला ते मजेचं वाटलं होतं. नंतर वडील यंत्रमागावर गेले, मग एका दुकानात वॉचमन. मला मात्र त्यांनी हट्टानं लेथवर घातलं. म्हणायचे, सूत तुटतं, लोखंड तुटत नाही.

आता दुसरी गोष्ट. जर्मनीतल्या फोक्सवॅगनवर हीच वेळ आली. चीनच्या गाड्यांनी बाजार खाल्ला, इंजिनाच्या जोरावर मोठी झालेली कंपनी अडचणीत आली. डिसेंबर 2024 मध्ये कंपनी आणि कामगार संघटना दिवसरात्र बसल्या आणि करार केला: 2030 पर्यंत 35 हजार जागा कमी होतील, पण कुणाला सक्तीनं काढायचं नाही, निवृत्ती आणि राजीखुशीनंच. हा निकाल गोड नाही, 35 हजार म्हणजे एक अख्खं गाव. पण तिथल्या कामगाराला पाच वर्षं आधी तारीख कळली. माझ्या बापाला त्याच दिवशी सकाळी कळली, तीही गेटवरच्या कागदावरून. फरक एवढाच आहे आणि तो पैशाचा नाही.

राज्याचं 2025 चं इलेक्ट्रिक वाहन धोरण मी वाचलं. 1,993 कोटींची तरतूद, 2030 पर्यंतची मुदत, राष्ट्रीय महामार्गांवर दर 25 किलोमीटरला चार्जिंग, मुंबई-पुणे एक्स्प्रेस वे, समृद्धी आणि अटल सेतूवर पूर्ण टोलमाफी. (या तिघांत आमचा पुणे-सोलापूर रस्ता नाही, पण त्यासाठी वेगळं पत्र लिहावं लागेल.) भर सगळा गाडी घेणाऱ्यावर आणि चार्जिंगवर. ठीक आहे, परिवहन खात्याचं धोरण आहे, ते रस्त्याकडूनच बघणार. माझी शेड मात्र तुमच्या खात्याच्या प्लॉटवर आहे. केंद्राकडे बघावं तर वाहन उद्योगासाठी 25,938 कोटींची पीएलआय, म्हणजे उत्पादनावर प्रोत्साहन रक्कम देणारी, योजना आहे. सुट्या भागांच्या कारखान्याला त्यात शिरायचं तर मूळ अट आहे, समूहाची उलाढाल किमान 500 कोटी. आमच्या गल्लीतल्या सगळ्या शेडची उलाढाल एकत्र बांधली आणि वर टॉवेलवाल्यांचीही घातली, तरी ते दार उघडणार नाही.

मग आपल्याकडे मागतो काय?

आधी आम्हाला मोजा. सोलापूर जिल्ह्यात इंजिनाच्या भागांवर, इंजिनाच्या दुरुस्तीवर किती शेड आणि किती माणसं जगतात, हा साधा आकडा जिल्हा उद्योग केंद्राकडून काढून घ्या. नोंदणी कागदावर नको, माणूस शेडमध्ये पाठवा. कारण आमच्यातल्या निम्म्यांच्या उद्यम नोंदणीत काय लिहिलंय ते आमच्या सीएलाच माहीत.

त्या टर्नरच्या प्रश्नाला माझ्याकडे अर्धं उत्तर आहे. ह्यात आपलं अगदीच काही नाही असं नाही. मोटरला शाफ्ट लागतो, बेअरिंग लागतं, केसिंग लागतं. पुढे गिअरचा छोटा डबा असतो. ब्रेक, स्टिअरिंग, सस्पेन्शन आहे तिथंच आहे. हे लेथचंच काम आहे. पण गाडीचं पेट्रोल इंजिन मिनिटाला सहा-साडेसहा हजार फेऱ्यांवर दमतं, ही मोटर बारा हजारांच्या पुढे सहज जाते. त्या वेगाला शाफ्ट जरा जरी एका अंगाला जड असला तर बेअरिंग खाऊन टाकतो. म्हणजे बॅलन्सिंग मशीन पाहिजे, अचूक मोजमापाचं सीएमएम यंत्र पाहिजे. माझ्यासारख्यानं ते एकट्यानं घ्यायचं म्हटलं तर घर गहाण टाकावं लागेल. छोट्या उद्योगांना सामायिक सोयी देणाऱ्या क्लस्टर योजनेतून चिंचोळी किंवा अक्कलकोट रोड एमआयडीसीत एका गाळ्यात ही दोन यंत्रं बसवा, तासावर भाडं लावा. आम्ही भरू. फुकट मागत नाही.

आणि आयटीआयमध्ये बॅटरी, मोटर, हाय व्होल्टेजचं शिक्षण दहावी पास पोरांना द्याच, पण पंचेचाळिशीतल्या फिटरलाही द्या. संध्याकाळी सातनंतरचा वर्ग ठेवा, मराठीत, प्रत्यक्ष उघडलेल्या गाडीवर. नारिंगी केबलला हात कधी लावायचा नाही हे आमच्या माणसाला आज कुणी सांगितलेलं नाही. तो मोबाईलवर व्हिडिओ बघून शिकतोय, आणि तीन-चारशे व्होल्टला दुसरी संधी नसते.

यातच एक जुनं दुखणं आहे, कंपन्यांचं कुलूप. गाडीचं सॉफ्टवेअर, फॉल्ट कोड, बॅटरीचा आतला डेटा, सगळं कंपनीच्या स्वतःच्या सर्व्हिस सेंटरपुरतं. सांगोल्याच्या किंवा मंगळवेढ्याच्या मालकाची गाडी बंद पडली की टो करून शहरात. राज्य सरकार अनुदान देतं, करमाफी देतं, टोल सोडतं. त्या बदल्यात एवढी अट घालायला काय हरकत आहे की दुरुस्तीची माहिती प्रशिक्षित स्थानिक मेकॅनिकलाही रास्त दरात मिळाली पाहिजे? अनुदान देताना शब्द टाकला तर कंपनी ऐकते. दिल्यावर ऐकत नाही.

आषाढीला सरकार पंढरपूरला येतंच. तिथून सोलापूर सत्तर किलोमीटर. आपण आलात तर ती बुशवाली गाडी पुन्हा बोलावून ठेवतो. बॉनेट आमचा टर्नरच उघडेल आणि त्याचा प्रश्न तोच तुम्हाला विचारेल, माझ्यापेक्षा तो बरा विचारतो. शेड सकाळी नऊला उघडते.

आपला विश्वासू,
एक इंजिन बोअरिंगवाला
अक्कलकोट रोड एमआयडीसी, सोलापूर