आधी गाव, मग जर्मनी

मा. संपादक,
स. न. वि. वि.

अमेरिकेत स्थायिक झालेल्या नाशिककरांच्या घरी जर्मन वंशाची सून किंवा जावई येणं आता नवलाचं राहिलेलं नाही. नातवंडांसाठी दोन्ही कुळांची वंशावळ करायची ठरते. आपली बाजू रामकुंडावरच्या उपाध्यायांच्या चोपडीतून चार-सहा पिढ्या मागे जाते. दुसरी ‘खापरपणजोबा जर्मनीहून आले’ एवढ्यावर अडते. मग कुणी डीएनए तपासणीची नळी मागवतं, कुणी थेट जर्मनीतल्या अभिलेखागाराला लांबलचक ई-मेल धाडतं. डीएनएमधून फार तर दूरचे भाऊबंद कळतात, गावाचं नाव त्यावर छापलेलं नसतं. आणि अभिलेखागार उलट विचारतं, ‘कोणतं गाव?’

हा प्रश्न टाळता येत नाही. उपाध्यायही आधी गाव विचारतात, आडनाव नंतर. जर्मनीत साऱ्या देशाची मिळून जन्ममृत्यूची एक वही कधीच नव्हती. बाप्तिस्मा, लग्न, दफन यांची नोंद त्या त्या गावच्या चर्चमध्ये व्हायची. सरकारी नोंदणी प्रशिया या सर्वांत मोठ्या जर्मन राज्यात ऑक्टोबर १८७४ पासून आणि साऱ्या जर्मन साम्राज्यात १ जानेवारी १८७६ पासून सुरू झाली, तीही स्थानिक कचेरीत. ऱ्हाइन नदीच्या पश्चिम काठावर फ्रेंचांनी ती १७९८ च्या सुमारासच आणली होती, तिथले लोक नशीबवान.

तेव्हा गाव शोधायचं ते अमेरिकेतल्या कागदांत. सरकारी कारकून ‘जर्मनी’ किंवा ‘प्रशिया’ लिहून मोकळा व्हायचा. स्थलांतरितांच्या जर्मन चर्चचा पाद्री मात्र त्यांच्याच भाषेत, त्यांच्याच माणसांसाठी लिहायचा, म्हणून दफनाच्या आणि लग्नाच्या नोंदीत पुष्कळदा गाव येतं. त्या शहरातल्या जर्मन भाषेतल्या वर्तमानपत्रांतले मृत्युलेखही पाहावेत, कारण तीच बातमी इंग्रजी पत्रात दोन ओळींत उरकलेली असते. थडग्यावर ‘वय ६३ वर्षे, ४ महिने, १२ दिवस’ असं कोरलेलं असेल तर मृत्यूच्या तारखेतून वजा करून जन्मतारीख काढावी, ती पुढे उपयोगी पडते. नागरिकत्वाचे कागद २७ सप्टेंबर १९०६ नंतरचे असतील तर जन्मगाव मिळण्याची आशा धरावी. त्याआधीच्या कागदांत बहुधा ‘प्रशियाच्या राजाशी असलेली निष्ठा सोडतो’ एवढंच हाती लागतं.

एकट्या खापरपणजोबांच्या मागे लागू नये. त्यांच्या भावंडांचे, बाप्तिस्म्याला उभ्या राहिलेल्या साक्षीदारांचे, शेजारच्या शेतकऱ्यांचेही कागद काढावेत. एका गावची माणसं एकापाठोपाठ एकाच वस्तीत जाऊन राहत. खापरपणजोबांच्या नोंदीत नसलेलं गाव त्यांच्या मेव्हण्याच्या थडग्यावर सापडतं. आमच्या मते सगळ्यात जास्त फळ देणारी आणि सगळ्यात कमी वापरली जाणारी वाट हीच.

जहाजांच्या याद्यांबद्दल गैरसमज फार. न्यूयॉर्कच्या एलिस बेटावर, म्हणजे स्थलांतरितांच्या तपासणीच्या नाक्यावर, कारकुनांनी आडनावं बदलली, ही कथा मराठीतही वारंवार छापून येते. ती याद्या बघून रचलेली नाही. यादी जहाज सुटायच्या बंदरात कंपनीचे लोक करत. न्यूयॉर्कचा कारकून ती नुसती ताडून पाहायचा. श्मिटचा स्मिथ आणि त्सिमरमानचा कार्पेंटर पुढे शाळेत, कारखान्यात, शेजाऱ्यांच्या तोंडी झाला. शिवाय एलिस बेट १८९२ मध्ये उघडलं, त्यामुळे १८५४ साली आलेला माणूस तिथे सापडणारच नाही.

हॅम्बुर्गच्या याद्या १८५० ते १९३४ या काळातल्या आहेत, मधे पहिल्या महायुद्धाचा खंड आहे. त्यांत प्रवाशाचं शेवटचं राहतं ठिकाण लिहिलेलं असतं, पण ते जन्मगावच असेल असं नाही. ब्रेमेनच्या जुन्या याद्या मात्र जागेअभावी दर काही वर्षांनी नष्ट केल्या गेल्या, उरलेल्या दुसऱ्या महायुद्धात गेल्या. बहुतांशी १९२० ते १९३९ मधल्याच काही वाचल्या. नैर्ऋत्य जर्मनीतले लोक तर फ्रान्समधल्या ल हाव्र बंदरातून सुटत. म्हणजे हॅम्बुर्गच्या यादीत नाव नाही, यावरून काहीच सिद्ध होत नाही.

राज्यांच्या नावांनी गोंधळ होतो. अमेरिकेच्या १८६० च्या जनगणनेत एक माणूस ‘हेसेन’चा आणि १८७० मध्ये ‘प्रशिया’चा दिसतो. माणूस एकच, मधे १८६६ मध्ये प्रशियाने हेसेन-कासेल, हॅनोव्हर आणि नासाऊ गिळले. नाशिककरांना हे उमजायला जड जाऊ नये. आपला जिल्हा १८६९ मध्ये नगर आणि खानदेशातले तालुके जोडून झाला, त्याआधीच्या कागदात इथलं गाव त्या जिल्ह्यांत शोधावं लागतं. आपल्याला हेसेनच्या पणजोबाबरोबर दुसरा प्रशियन पणजोबा मिळाला, असं वाटून तिथे थांबू नये. उलट अशा जोडीवरून प्रदेश नक्की करता येतो.

गावाचं नाव मिळालं तरी ते कानाने लिहिलेलं असतं. दक्षिणेकडच्या बोलीत ब आणि प, ड आणि ट यांतला फरक पुसट होतो, म्हणून डुर्लाखचं ‘टुर्लाख’ होऊ शकतं. शिवाय नॉयश्टाट नावाची गावं जर्मनीत ढिगाने आहेत. तालुका न सांगता नुसतं पिंपळगाव म्हटलं तर बसवंत की हरेश्वर, हा आपलाच प्रश्न. इथे १९१२-१३ चा मायर्सचा गावकोश कामाला येतो. तो इंटरनेटवर फुकट शोधता येतो आणि गावची नोंदणी कचेरी गावातच की शेजारच्या गावात, तेही सांगतो. चर्च दुसऱ्याच गावात असणं अगदी नेहमीचं. प्रोटेस्टंट चर्चची पुस्तकं ‘आर्कियोन’ या संकेतस्थळावर पैसे भरून, आणि कॅथलिक चर्चची बरीचशी ‘मात्रिकुला’वर फुकट पाहता येतात. गाव आज पोलंडमध्ये असेल तर पोलंडच्या सरकारी अभिलेखागारांकडे वळावं.

ही पुस्तकं कुरेंट या जुन्या जर्मन हस्तलिपीत आहेत. आपल्या मोडीसारखीच ही लिपीही छापील अक्षरांवर डोळा ठेवून वाचता येत नाही. तिच्यात ‘e’ हे अक्षर ‘n’सारखं दिसतं आणि ‘u’ ओळखायला वरची छोटी वाकडी रेघ पाहावी लागते. तारखेत ‘७बर’ दिसलं तर तो जुलै नव्हे, सप्टेंबर. ‘८बर’ म्हणजे ऑक्टोबर. चार भावांची पहिली नावं योहान असली तर गोंधळून जाऊ नये, हाक दुसऱ्या नावाने मारत.

सर्वांत मोठी चूक शेवटी होते. नाव आणि साल जुळलं की लोक वंशावळीत घालतात, आणि पैसे घेणाऱ्या संकेतस्थळांवरची झाडं एकमेकांवरून उतरवलेली असल्याने ती चूक शंभर ठिकाणी ‘सिद्ध’ होते. सापडलेलं बाळ पुढे जगलं का, हे दफनाच्या वहीत पाहायलाच हवं, कारण मेलेल्या मुलाचं नाव पुढच्या भावाला ठेवण्याची रीत होती. मग साधारण चौदाव्या वर्षीची धर्मदीक्षेची नोंद मिळावी, आणि पुढे त्या गावात त्याचं लग्न वा दफन नसावं. जन्मतारीख आणि आईवडिलांची नावं अमेरिकेतल्या कागदाशी जुळली, तरच तो आपला माणूस.

सरकारी नोंदणीतल्या जन्माच्या नोंदी ११० वर्षं, लग्नाच्या ८० आणि मृत्यूच्या ३० वर्षं कचेरीतच राहतात आणि मुख्यतः जोडीदार, थेट पूर्वज व वंशज यांनाच मिळतात. त्यानंतर त्या अभिलेखागारात जातात. पत्र जर्मन भाषेत, दहा ओळींत लिहावं: पूर्ण नाव, तारीख, गाव, धर्मपंथ आणि नेमकी कोणती नोंद हवी ते. ‘या घराण्याची असेल ती सगळी माहिती पाठवा’ असं लिहिलं की उत्तरात शुल्काचा तक्ता येतो.

आपले,
वंशावळीचं काम करणारे काही वाचक,
पंचवटी, नाशिक