जुने रिमोट कपाटात ठेवलेत

ती. आई-बाबा,
सा. न.

टीव्हीजवळचे तिन्ही रिमोट मी निघताना कपाटात ठेवलेत, आईच्या साड्यांखाली. टाकलेले नाहीत. आधी विचारलं असतं तर बाबा "असू दे गं, चालतंय आमचं" म्हणाले असते, म्हणून करून मग कळवतेय. चालत नव्हतं, बाबा. मोतीबिंदू काढल्यापासून तुम्ही एकेक रिमोट नाकाशी धरून बघता आणि कंटाळून टीव्हीच लावत नाही. आई मालिका बुडाली म्हणून कुरकुरत नाही, पण मला कळतं.

आता एकच रिमोट. वरचं मोठं बटण दाबलं की तो ओळीने हुकूम सोडतो: टीव्ही चालू, जरा थांब, एचडीएमआय १ (सेट-टॉप बॉक्सची जोडणी) लाव, मग बातम्यांचा चॅनल. याला मॅक्रो म्हणतात. मध्ये ८ सेकंद मुद्दाम ठेवलेत, कारण टीव्ही नीट जागा होईपर्यंत दुसरं काही ऐकत नाही. तेवढा वेळ, रिमोटवरचा लाल दिवा विझेपर्यंत, रिमोट टीव्हीकडेच धरायचा. बटण दाबून लगेच टीपॉयवर पालथा टाकायचा नाही, बाबा! पुढचे सिग्नल वाया जातात.

आणि "एक लावलं की दुसरं बंद पडतं" हे तुमच्या हातून होत नव्हतं. आपल्या सेट-टॉप बॉक्सला चालू आणि बंद दोन्हीसाठी एकच सिग्नल आहे. लाईट जाऊन आली की बॉक्स आपणहून सुरू होतो, टीव्ही मात्र झोपलेलाच राहतो. मग सगळं एकदम लावायला गेलं की टीव्ही उठतो आणि बॉक्स झोपतो. रिमोट नुसता बोलतो, त्याला उलट उत्तर येत नाही. कोण जागं आहे हे त्याला कळणार कसं? टीव्हीला चालूचा आणि बंदचा वेगळा सिग्नल सापडला, तो घातला. बॉक्सला तसा नाहीच, म्हणून बॉक्सचं बटण मॅक्रोतून काढलं. तो कायम चालू राहू दे. बिल थोडं वाढेल, वाढू दे. पण रात्री अंधारात भिंतीवरचं बटण बंद करायला उठायचं नाही, हे मी रागावून सांगतेय असं समजा.

बटणांवर लेबलं चिकटवलीत: 'आवाज', 'बातम्या', 'आईची मालिका'. माझ्या वह्यांवर तुम्ही नाव घालायचात तसंच अक्षर काढायचा प्रयत्न केला, बाबा. तुमच्यासारखा 'ल' काही जमला नाही.

आई, तुझा क्रोशाचा रुमाल सुंदरच आहे, पण तो बॉक्सच्या पुढ्यात लोंबतो आणि सिग्नल अडतो. मागे सरकवून घडी घाल, काढू नकोस. दुपारी ऊन थेट टीव्हीवर येतं तेव्हाही रिमोट चालेनासा होईल, पडदा ओढायचा.

तरी चाललं नाही, तर मोबाईलच्या सेल्फी कॅमेऱ्यासमोर रिमोटचं टोक धरून बटण दाबा. जांभळट ठिणगी दिसली तर रिमोट ठीक, नाही दिसली तर बहुधा सेल संपलेत. नवे दोन्ही एकदम घाला, एक जुना एक नवा नको. रिमोटला शिकवलेलं पुसलं जात नाही, मी सेल काढून बघितलंय. तरीही अडलं तर मला व्हिडिओ कॉल करा, कितीही वाजता. शेजारच्या मुलाला बोलावून 'रीसेट' मात्र करायला लावू नका.

आणि बाबा, डोळ्यांचे थेंब वेळेवर घालायचे, जाहिराती लागायची वाट बघायची नाही.

तुमची,
मनू